परदेशी परवाना, रायगडचा रस्ता

डिसेंबर उजाडला की रायगडच्या किनाऱ्यावरील गावांत पाहुण्यांची वर्दळ वाढते. मुंबई-पुण्याचे पर्यटक तर असतातच. पण त्यांच्या गर्दीत आणखी एक वर्ग असतो, ज्याचे पारपत्र परदेशी आणि आडनाव मात्र इथल्याच एखाद्या गावाचे असते. नवगावकर, चौलकर, दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही बेने इस्रायली कुटुंबांची आडनावे. पूर्वी तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखला गेलेला हा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. त्यांची नातवंडे आता अलिबागचे आणि रेवदंड्याचे सिनेगॉग, नवगावची जुनी दफनभूमी आणि खंडाळे येथील एलियाहू हानावीचे स्थान पाहण्यासाठी येतात. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील कोकणी मुस्लिम कुटुंबांचे धागे आखाती देशांपासून ब्रिटनपर्यंत आणि थेट दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनपर्यंत पोहोचलेले आहेत. याशिवाय जंजिरा, कोर्लई, हरिहरेश्वर पाहायला स्वतःच गाडी घेऊन निघणारे निखळ परदेशी पर्यटकही आहेत.

या पाहुण्यांच्या मुक्कामात एक प्रसंग हमखास येतो. मामा ओटीवर बसलेले असतात, भाच्याला मुरूडला जायचे असते, आणि 'घे किल्ली, तुला तर तिकडे रोजची सवय आहे' असे म्हणून गाडी त्याच्या हवाली होते. भाच्याच्या खिशात लंडनचा किंवा तेल अवीवचा परवाना असतो. तो पुरेसा आहे असे दोघेही धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीने तो पुरेसा नाही, आणि चूक झाल्यास तिची किंमत भाच्यापेक्षा मामांनाच अधिक मोजावी लागू शकते.

एक नव्हे, दोन कागद

भारतात गाडी चालवण्यासाठी अंमलात असलेला परवाना हवा, हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३ चे सांगणे. अल्पकाळासाठी भारतात येणाऱ्या व्यक्तींनी कोणत्या अटींवर वाहन चालवावे, याचे नियम करण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम १३९ ने केंद्र सरकारला दिला आहे. या व्यवस्थेमागे आहे तो १९४९ चा जिनिव्हा येथील रस्ते वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करार. भारत या करारात सहभागी आहे. करारातील देशांनी एकमेकांच्या चालकांना दिलेले आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाने मान्य करायचे, असा त्याचा अर्थ.

हा आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे करड्या मुखपृष्ठाची, आतून पांढरी, हाताच्या पंजात मावेल एवढी पुस्तिका. तिचा आकार करारानेच १०५ बाय १४८ मिलिमीटर असा ठरवून दिला आहे. चालकाचे नाव, छायाचित्र आणि कोणत्या प्रकारची वाहने चालवण्यास तो पात्र आहे, हे त्यात अनेक भाषांत दिलेले असते. ही पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर आहे, स्वतंत्र परवाना नव्हे. त्यामुळे मूळ परवाना घरी ठेवून केवळ पुस्तिका घेऊन येणारा आणि पुस्तिका न काढता केवळ मूळ परवाना आणणारा, असे दोघेही अर्ध्याच तयारीने आलेले असतात. पुस्तिकेची मुदत काढल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष असते; मूळ परवाना त्याआधी संपला तर तीही संपते.

ज्या देशाने मूळ परवाना दिला, त्याच देशात ही पुस्तिका मिळते. भारतात उतरल्यावर अलिबागला किंवा पेणला जाऊन ब्रिटिश परवान्यावर ती काढता येत नाही. निघण्यापूर्वीच्या धावपळीत हे राहून जाते आणि मग इंटरनेटवर पैसे भरून 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' नावाचे चकचकीत प्लॅस्टिक कार्ड मागवले जाते. एखाद्या खासगी संकेतस्थळाने विकलेल्या अशा कार्डाला सरकारी मान्यता नसेल, तर करारात आणि कायद्यात त्याला काहीही स्थान नाही. ते दाखवणे आणि काहीच न दाखवणे यांत फरक एवढाच, की पहिल्यात पैसे गेलेले असतात.

पुस्तिका कोणत्या कराराची आहे, हेही पाहावे लागते. १९४९ नंतर १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे दुसरा करार झाला आणि अनेक युरोपीय देश त्यानुसार पुस्तिका देतात. ब्रिटनमध्ये २०१९ पासून १९२६, १९४९ आणि १९६८ अशा तीन करारांच्या वेगवेगळ्या पुस्तिका मिळतात. भारतात येणाऱ्याने १९४९ ची मागून घ्यायला हवी. जर्मनी १९४९ च्या करारात नाही. म्हणून तेथून येणाऱ्या पाहुण्याने गाडी भाड्याने देणाऱ्या संस्थेकडून आणि विमा कंपनीकडून आपली कागदपत्रे चालतील का, हे आधीच लेखी विचारून घेतलेले बरे.

स्कूटर आणि सतरा वर्षांचा नातू

पुस्तिकेतील वाहनांच्या वर्गाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. किनाऱ्यावर तर हीच चूक सर्वांत अधिक होते. १९४९ च्या पुस्तिकेत 'ए' हा वर्ग दुचाकींचा आहे आणि 'बी' हा चालकाशिवाय आठ आसनांपर्यंतच्या मोटारींचा. परदेशातील बहुसंख्य प्रौढांकडे केवळ मोटारीचा परवाना असतो, म्हणजे शिक्का 'बी' समोरच असतो. नागाव किंवा दिवेआगरला आल्यावर मात्र सगळ्यांत सोयीची वाटते ती स्कूटर. लहान आहे, गिअर नाहीत, सायकलसारखीच आहे, असा समज करून घेतला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो चालक त्या क्षणी विनापरवाना असतो. कलम १८१ नुसार विनापरवाना वाहन चालवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वयाचेही तसेच. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत त्याहूनही लवकर मोटार चालवता येते. भारतात सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत आणि १९४९ च्या करारातही वयाची मर्यादा तीच आहे. तेव्हा सतरा वर्षांच्या नातवाचा परवाना त्याच्या गावी खरा असला, तरी रेवदंड्याच्या रस्त्यावर तो अल्पवयीन चालकच ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

किल्ली देणाऱ्याची जबाबदारी

ओटीवरच्या मामांचा प्रश्न येथे येतो. कायद्याच्या कलम ५ ने मालकावर स्पष्ट बंधन घातले आहे: वैध परवाना नसलेल्या व्यक्तीला त्याने आपले वाहन चालवू देता कामा नये. ते मोडल्यास कलम १८० नुसार मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचे पैसे एक वेळ भरता येतात. खरी धास्ती आहे ती विम्याची.

समजा, चौलच्या वळणावर पाहुण्याच्या हातून एखाद्या सायकलस्वाराला धक्का लागला आणि त्याला कायमचे अपंगत्व आले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा उभा राहतो. चालकाकडे वैध परवाना नव्हता, हा विमा कंपनीचा कायद्याने मान्य केलेला बचाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या गाजलेल्या निकालात या बचावाच्या मर्यादा आखून दिल्या. केवळ परवाना नव्हता एवढे म्हणून कंपनीला सुटता येत नाही. मालकाने हयगय केली किंवा जाणूनबुजून अट मोडली, हे तिला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले तरी आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करून घ्यावी, हा मार्ग न्यायालयाने खुला ठेवला. जखमीसाठी हा निकाल मोठा दिलासा आहे. पण भाच्याचा परवाना न पाहता किल्ली देणाऱ्या मालकाच्या दृष्टीने 'वसूल करून घ्यावी' या तीन शब्दांत घर, वाडी आणि आयुष्याची पुंजी येऊ शकते. भाचा तोवर परत गेलेला असतो.

म्हणून किल्ली देण्यापूर्वी पाहुण्याकडे दोन्ही कागद मागणे, त्यांवरील मुदत आणि वर्ग पाहणे, त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये काढून ठेवणे आणि गाडीच्या विमापत्रातील चालकाविषयीची अट एकदा वाचून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे पाहुण्याला असे काही विचारणे कमीपणाचे वाटते. ते संकोच बाजूला ठेवूनच विचारावे लागेल.

भाड्याच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा अधिकृत परवाना असलेल्या वाहनाची नंबरप्लेट काळी आणि त्यावरील अक्षरे पिवळी असतात. मोटारींसाठी १९८९ ची आणि दुचाकींसाठी १९९७ ची केंद्राची योजना आहे. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी स्कूटर 'आमचीच आहे, घेऊन जा' म्हणून दिवसाच्या दराने मिळत असेल, तर अपघातानंतर तिच्या विम्याचा आधार मिळेलच, असे समजू नये.

किनाऱ्यावर गाडी चालवताना

कागद पुरे झाले तरी रस्ता उरतोच. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथून आलेल्यांना डाव्या बाजूने चालण्याची सवय असते. इस्रायल, आखाती देश, अमेरिका येथे वाहतूक उजवीकडून चालते. तेथून आलेला चालक पहिल्या दिवशी दिवा लावायला जातो आणि वायपर सुरू करतो, इथवर ते हसण्यावारी जाते. मात्र मोकळ्या, निर्मनुष्य रस्त्यावर, विशेषतः पहाटे किंवा एखाद्या हॉटेलच्या आवारातून बाहेर वळताना, हात जुन्या सवयीने गाडी उजव्या बाजूला नेतो आणि समोरून वाहन येईपर्यंत ते लक्षातही येत नाही. रहदारीत इतरांच्या मागोमाग जाता येते. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यात.

डाव्या बाजूची सवय असलेल्यांचीही फसगत व्हायची ती खुणांच्या अर्थाने. ब्रिटनमध्ये समोरच्याने दिवे लुकलुकवले तर 'तुम्ही आधी जा' असा समंजस अर्थ बहुधा घेतला जातो. आपल्याकडे डिपर मारणे म्हणजे 'मी येतोय, थांबा'. अरुंद पुलाच्या तोंडाशी हे दोन अर्थ एकमेकांसमोर आले तर काय होईल, हे सांगायला नको. पुढच्या ट्रकने उजवा दिवा लुकलुकवला तर तो उजवीकडे वळणार आहे, की मागच्याला पुढे जायला सांगतो आहे, हे इथल्या चालकालाही कधी कधी अंदाजानेच ठरवावे लागते. तिकडे उद्धट समजला जाणारा हॉर्न घाटातील आंधळ्या वळणावर मात्र वाजवलाच पाहिजे.

वडखळहून अलिबागकडे येणारा रस्ता पोयनाड आणि कार्लेखिंडीतून येतो. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. खरा किनारी रस्ता सुरू होतो तो अलिबागच्या पुढे. नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात तो नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, मध्ये जेमतेम दोन वाहनांची जागा, आणि समोरून एस.टी. आली की एकाने मागे सरकायचे. कोणी सरकायचे, हे बहुधा एस.टी.चा चालक ठरवतो. कुंडलिका नदीवरील पूल ओलांडून साळावला उतरले की डावीकडे फणसाडच्या जंगलाचा डोंगर आणि उजवीकडे समुद्र अशा वळणांवरून काशीद आणि मुरूड गाठायचे. संध्याकाळनंतर या रस्त्यावर गुरे, दिवे नसलेल्या बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे अचानक प्रकाशझोतात येतात. जुलै २०२१ मध्ये काशीदजवळचा जुना पूल अतिवृष्टीत कोसळून एका दुचाकीस्वाराचा जीव गेला होता. नवख्या चालकाने पावसाळ्यात हा रस्ता रात्रीचा न घेणेच शहाणपणाचे.

मुरूडच्या पुढे रस्ता खाडीशी थांबतो. आगरदांड्याहून दिघीला गाडी फेरीबोटीने न्यावी लागते. तिला इथे 'जंगल जेट्टी' म्हणतात. दिघीपासून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत पुढे बागमांडल्याला पुन्हा तशीच बोट, बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवीला नेणारी. भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याचा उतार बदलतो. बोटीवर चढताना खलाशाच्या हाताच्या खुणेखेरीज दुसरा नियम नाही. गाडी लावल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावून ठेवावेत. मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे मुंबईहून उरण-पनवेलकडे येण्याचा वेळ खूप कमी झाला. मात्र त्यावर दुचाकींना मनाई आहे. मोटारसायकल भाड्याने घेऊन निघालेल्या परदेशी पर्यटकाला हे शिवडीला पोहोचल्यावर कळू नये.

मैलांत विचार करणाऱ्या ब्रिटिश पाहुण्याने वेगमर्यादेचे आकडे किलोमीटरचे आहेत, हे लक्षात ठेवावे. राज्य मार्गांवरील अनेक दगडांवर अंतराचे आकडे देवनागरीत असतात. घरात मराठी बोलली जाते म्हणून ती बोलता येते, पण वाचता येत नाही, अशी परदेशातील दुसरी-तिसरी पिढी येथे अडखळते. दगडांचे रंग ओळखले तरी निभावते: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग.

आणि वाळूवर गाडी नेऊ नये. ओहोटीच्या वेळी घट्ट वाटणारी पुळण चाकाखाली केव्हा खचेल, याचा नेम नसतो. नंतर भरती कोणासाठी थांबत नाही. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडीला बांधून ओढून काढावी लागली होती.

अपघात झाल्यास

मद्याची मर्यादा हा परदेशी पाहुण्यांच्या गैरसमजाचा आणखी एक विषय. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत, तर युरोपातील बऱ्याच देशांत ५० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क चालतो. भारतात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. 'तिकडे एवढे चालते' हे उत्तर नाकाबंदीवर चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी कलम १८५ ची तरतूद आहे.

अपघातात कोणी जखमी झाल्यास त्याला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे तेथे थांबणे शक्य नसेल तर काय, याचा विचारही या कलमात केलेला आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपले रस्ते ठाऊक होते. अशा वेळी जवळचे पोलीस ठाणे गाठावे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परतीचे तिकीट हातात असलेल्या पाहुण्यासाठी तपास, जामीन आणि न्यायालयाच्या तारखा यांचा अर्थ मुक्काम अनिश्चित काळ लांबणे, असा होऊ शकतो.

मुक्काम लांबला तर

काही महिने गावच्या घरात राहायला येणाऱ्या परदेशी नागरिकांनी पुस्तिकेवर विसंबून न राहता इथलाच परवाना काढणे श्रेयस्कर. परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला त्याच वर्गाचा परवाना असल्यास, वैद्यकीय अट पूर्ण करून, चालन चाचणीतून सूट मिळण्याची तरतूद कलम ९ मध्ये आहे. रायगडच्या किनारपट्टीसाठी परिवहन कार्यालय पेणला आहे. एमएच-०६ हा त्याचाच क्रमांक.

आखातातून सुट्टीवर येणाऱ्या भारतीय नागरिकाची अडचण वेगळी. त्याच्याकडे कुवेतचा किंवा दुबईचा परवाना चालू असतो आणि भारतीय परवान्याची मुदत केव्हाच संपलेली असते. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होते. त्यानंतर चालन चाचणी पुन्हा द्यावी लागते. सुट्टी जेमतेम महिनाभराची असते. तेव्हा परवान्यावरची तारीख तिकीट काढतानाच पाहिलेली बरी.

रायगडहून परदेशात

इथून परदेशी जाणाऱ्यांसाठीही करार तोच. भारतीय परवानाधारकाला आंतरराष्ट्रीय पुस्तिका आपल्या परिवहन कार्यालयातून मिळते. केंद्रीय नियमांतील शुल्क १,००० रुपये आहे. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या अर्जासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि आधीच व्हिसा हाती असण्याची अट काढून टाकली. अनेक देश उतरल्यावर किंवा अगदी अखेरच्या क्षणी व्हिसा देतात, त्यामुळे ही सुधारणा गरजेचीच होती. परदेशात असताना पुस्तिकेची मुदत संपली तर तेथील भारतीय वकिलातीमार्फत नव्यासाठी अर्ज करण्याची सोयही त्याच अधिसूचनेने झाली. त्यापूर्वी राज्याराज्यांत पुस्तिकेचा आकार, रंग आणि नमुना वेगवेगळा असे आणि परदेशातील पोलीस व गाडी देणाऱ्या कंपन्या साशंक होत. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना ठरवला आणि मूळ परवान्याशी जोडलेला क्यूआर कोड त्यावर आणला.

ही पुस्तिका सगळीकडे सारखी चालते, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये पाहुणा भारतीय परवान्यावरच बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवू शकतो. जपान १९४९ च्या करारात असल्याने तेथे भारतीय पुस्तिका चालते. ती नसेल तर केवळ भारतीय परवान्यावर गाडी मिळत नाही. बऱ्याच देशांत पर्यटक म्हणून मिळणारी ही सवलत रहिवासी झाल्यावर काही काळाने संपते आणि स्थानिक परवाना काढावा लागतो. नोकरीसाठी गेलेल्यांनी याची चौकशी पहिल्याच महिन्यात करावी. चीन यांपैकी कोणत्याच करारात नाही. तेथे पुस्तिकेचा उपयोग होत नाही. स्थानिक तात्पुरता परवाना घ्यावा लागतो किंवा चालकासह गाडी ठरवावी लागते.